कसल्या झाडाचं औषध

पहिल्या दिवशी कॅप्सूल हातात घेऊन आईने ती खिडकीच्या उजेडात धरली. जेवण अर्धं झालं होतं, कारण हे औषध जेवणासोबतच घ्यायचं असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ताटात उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि सुक्या बांगड्याची किसमूर. बाहेर जूनचा पाऊस कौलांवर कोसळत होता आणि पागोळ्यांच्या आवाजात एकमेकींशी मोठ्याने बोलावं लागत होतं. तिने कॅप्सूल बोटांत फिरवून बघितली, नाकाशी नेली, वास काहीच आला नाही. मग मला म्हणाली, "गो, हे कसल्या झाडाचं?" मी म्हटलं, "झाडाचं नाही आई. केमिकल आहे. लॅबमध्ये करतात." ती "बरं" म्हणाली, कॅप्सूल गिळली आणि राहिलेला भात कालवू लागली.

त्या "बरं"ने मला पुढचे कितीतरी दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरात औषधाला मूळ असतं, पान असतं, सालं असतात. तापाला किराईत, खोकल्याला अडुळसा, पित्ताला आगळ, टाचांच्या भेगांना भिरंडेल. परसात कुठल्या बाजूला काय आहे ते आईला अंधारातही सापडतं. औषध घेणं म्हणजे तिच्या लेखी एका ओळखीच्या झाडाकडे हात पसरणं. ही कॅप्सूल मात्र गाव न सांगता ओसरीवर येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी आली होती आणि मी, बावीस वर्षं हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवणारी तिची मुलगी, त्या पाहुण्याची धड ओळखसुद्धा करून दिली नव्हती.

ओळख मला तरी होती का?

पेशीविभाजन मी दरवर्षी शिकवते. कांद्याची कोवळी मुळं कापायची, अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये गरम करायची, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायची. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळट लाल गुणसूत्रं दिसली की वर्गात जो चीत्कार उठतो, त्यासाठीच मी शिक्षिका झाले असं मला अजून वाटतं. प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज. मुलं आकृत्या सुबक काढतात, रंगवतात, मार्क मिळवतात. पण त्याच काचेवर बघितलं तर बहुतेक पेशी काहीच करताना दिसत नाहीत. गोल केंद्रक घेऊन नुसत्या बसलेल्या असतात. त्यांना आम्ही इंटरफेज म्हणतो, दोन ओळींत संपवतो आणि पुढे जातो. बावीस वर्षं मी मुलांना पेशी कशी दुभंगते ते दाखवत आले. ती दुभंगायचं की नाही हे कुठे ठरवते, कोणाला विचारून ठरवते, हे मी कधी नीट सांगितलंच नाही. पुस्तकात त्याला एक परिच्छेद आहे. माझ्या आईचं औषध त्या एका परिच्छेदात राहतं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनातली गाठ काढली. ऑपरेशनच्या सकाळी हातातल्या बांगड्या उतरवायला सांगितलं. सोन्याच्या निघाल्या, एक हिरवी काचेची काही केल्या मनगटावरून सरकेना. साबण लावला, प्लॅस्टिकची पिशवी चढवून ओढली. शेवटी नर्सने कात्रीच्या मुठीने हलकेच टोला दिला. "फुटली," नर्स म्हणाली. आई, जिला अर्ध्या तासात भूल देणार होते ती, शांतपणे म्हणाली, "फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं." आपल्या भाषेत बांगडी वाढते, देवापुढे नारळ वाढतो. ताटात भातही वाढतात आणि मूलही वाढतं. मी स्ट्रेचरसोबत चालताना माझ्या रुमालात ते तीन हिरवे तुकडे होते, आणि डोक्यात डॉक्टरांच्या रिपोर्टमधला शब्द होता, वाढ. आयुष्यभर पंगतीला वाढत आलेल्या बाईच्या अंगात ही कसली वाढ, असं काहीतरी अर्थ नसलेलं मनात घोळत होतं. गेल्या मेमध्ये कंबर दुखते म्हणून स्कॅन केला तेव्हा ती वाढ हाडांत दिसली.

कॅप्सूलचं नाव पाल्बोसिक्लिब. २१ दिवस रोज एक, मग ७ दिवस सुट्टी, सोबत हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी कायम. मी वाचायला बसले. पेशी विभाजनाकडे निघण्याआधी एका सीमेवर येते, जीवशास्त्रात त्याला जी-वन टप्पा म्हणतात. तिथे आरबी नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. आमच्या गावांच्या सीमेवर जसा राखणदार असतो तसं. डीएनएची नक्कल करायची सगळी सामग्री चालू करणारी जी प्रथिनं आहेत, त्यांना त्याने धरून ठेवलेलं असतं. पेशीला खरोखर वाढायची गरज असली की सायक्लिन-डी नावाचं प्रथिन तयार होतं, ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या विकरांशी, म्हणजे एन्झाइमांशी, जोडलं जातं, आणि ही जोडी राखणदाराच्या अंगावर फॉस्फेटचे कण चिकटवत जाते. पुरेसे चिकटले की त्याची पकड सुटते आणि पेशी सीमा ओलांडते. तिथून सहसा मागे फिरणं नाही. आईसारख्या रुग्णांच्या गाठीत इस्ट्रोजेन हा निरोप पुन्हापुन्हा पाठवत राहतं. लेट्रोझोल ते इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. पाल्बोसिक्लिब त्या दोन विकरांच्या खाचेत, जिथे एरवी ऊर्जेचा रेणू एटीपी बसतो, तिथे जाऊन बसतं. ते गाठीला मारत सुटत नाही. राखणदाराला जागेवरून उठू देत नाही, एवढंच. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींनाही तीच विकरं लागतात, म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. औषध थांबलं की त्या पुन्हा विभाजू लागतात. ते सात दिवस त्यांच्यासाठी आहेत. हे कळलं तेव्हा मला भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने मारलेल्या सात रिकाम्या चौकटी वेगळ्याच दिसू लागल्या.

पण हे सगळं कळलं कसं, हा माग काढत गेले तेव्हा मी जिथे पोचले ती जागा आमच्या घरापासून दोनशे पावलांवर होती.

पोदेराची बेकरी. लहानपणी सकाळी सायकलचा पोंपों वाजला की मी परकर सावरत फाटकाकडे धावायची. कोंड्यात लोळवलेली गरम पोई, कडक उंडो, बांगडीसारखी गोल काकणं. आजी त्यातलं काही तोंडात घालायची नाही. त्यात सूर, म्हणजे माडी, असतो म्हणायची, आणि त्या काळी खरंच असायचा. माडी काढणारा रेंदेर माडावर चढून पोय छाटायचा, मडक्यात उतरलेला गोडसर सूर दुपारपर्यंत फेसाळायचा, आणि पोदेर तोच फेसाळलेला सूर पिठात घालून रात्रभर ठेवायचा. एकदा बाबांबरोबर मी रात्री बेकरीत गेले होते. फोर्नाच्या लाकडांचा धूर, पिठाची आंबूस ऊब. पोदेराच्या बायकोने माझ्या मुठीत पिठाचा एक गोळा दिला. घरी येईपर्यंत तो बोटांच्या फटींतून बाहेर येऊ लागला होता. मी घाबरून बाबांना म्हटलं होतं, "हे जिवंत आहे." बाबा म्हणाले होते, "मग हळू धर." आता माड तेच आहेत, पण आमच्या वाड्यावर चढणारा रेंदेर राहिला नाही. बेकरीत पाकिटातलं यीस्ट येतं. सूर गेला, पण त्यात जे जगत होतं त्याचंच भावंड पाकिटातून आलं.

यीस्ट एका पेशीचं. ना हात, ना पाय, ना मेंदू. १९७०च्या आसपास सिॲटलमध्ये लीलंड हार्टवेल यांनी पावाच्या यीस्टमध्ये असे बिघाड शोधायला सुरुवात केली की ज्यांच्यामुळे पेशी विभाजनाच्या एका ठरावीक टप्प्यावर येऊन अडतील. या यीस्टला विभाजताना अंगावर कळी येते. कळी केवढी झाली ते बघितलं की पेशी कुठवर आली ते कळतं. इतकी साधी खूण, आणि त्यातून त्यांनी विभाजनाची एकेक पायरी आणि ती सुरू करणारं जनुक ओळखलं. तिकडे स्कॉटलंडमधल्या एडिंबरात पॉल नर्स दुसऱ्या एका यीस्टवर काम करत होते. हे यीस्ट मुळात पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून आलेलं, त्याचं शास्त्रीय नावही स्वाहिलीतल्या बिअरवरून, पॉम्बे. नर्स स्वतः फ्रेंच विषयात वारंवार नापास झाल्यामुळे शाळेनंतर विद्यापीठात प्रवेश न मिळून गिनेसच्या ब्रुअरीतल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राबलेले. वर्गातल्या नापास मुलांना मी हे आता सांगते, आणि मनापासून सांगते.

नर्स यांना अशा पेशी सापडल्या होत्या ज्या पुरेशा वाढायच्या आत विभाजतात, म्हणून आकाराने लहान राहतात. स्कॉटिश बोलीत लहानाला वी म्हणतात, तेच नाव त्यांनी दिलं. अशा जवळपास पन्नास जाती त्यांनी डोळ्यांनी शोधून काढल्या आणि जवळजवळ सगळ्या एकाच जनुकातल्या निघाल्या. शेवटी शेवटी एका बशीत लहान पेशी दिसल्या खऱ्या, पण बशीवर बुरशी चढली होती. ती वेगळी करणं कटकटीचं. त्यांनी बशी कचऱ्यात टाकली आणि घरी गेले. संध्याकाळी चहा झाल्यावर मनाला लागून राहिलं. पावसात, अंधारात परत प्रयोगशाळेत गेले, कचऱ्यातून बशी काढली, बुरशीतून पेशी सोडवल्या. ती जात वेगळ्या जनुकाची निघाली. आधीचं जनुक ब्रेक लावणारं होतं. हे नवं जनुक बिघडलं तर विभाजन थांबू शकत होतं आणि बदललं तर ते वेळेआधीही होत होतं, म्हणजे सूत्रं त्याच्या हातात होती. त्याला आज आपण सीडीसी-२ म्हणतो.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पाऊस ऐकत बसले.

पुढचं त्याहून विलक्षण आहे. १९८७ मध्ये नर्स यांच्याच प्रयोगशाळेत मेलनी ली यांनी ज्या यीस्टमध्ये हे जनुक निकामी होतं अशा पेशींत माणसाच्या डीएनएचे तुकडे सोडले. बहुतेक पेशी तशाच अडून राहिल्या. काही मात्र विभाजू लागल्या. माणसाच्या डीएनएतला एक तुकडा यीस्टच्या पेशीत जाऊन तिचं अडलेलं काम करू लागला होता. यीस्ट आणि आपण एकमेकांपासून वेगळे झालो त्याला शंभर कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. एवढ्या काळात डोंगर झिजले, समुद्र सरकले, आणि पेशीला "आता" म्हणणारं हे प्रथिन इतकं कमी बदललं की एकाचं दुसऱ्याला चालतं. हार्टवेल, नर्स आणि समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन शोधणारे टिम हंट यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. आईच्या कॅप्सूलला जे सीडीके-४ आणि ६ अडवायचे असतात ते यीस्टमध्ये नसतात. ती याच घराण्यातली नंतरची भावंडं. पण हे घराणं आहे, हे कळलं ते पावाच्या आणि बिअरच्या यीस्टमुळे. पाल्बोसिक्लिबचा रेणू पार्क-डेव्हिसच्या प्रयोगशाळेत २००१च्या सुमारास घडला, मग काही वर्षं मागे पडून राहिला. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला रिचर्ड फिन आणि डेनिस स्लेमन यांनी तो स्तनाच्या कर्करोगाच्या निरनिराळ्या पेशींवर लावून बघितला आणि इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या पेशी त्याला सगळ्यात जास्त दाद देतात हे दाखवलं. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतातलं पेटंट २०२३च्या जानेवारीत संपलं आणि आपल्याकडच्या कंपन्या ते बनवू लागल्या. तसं झालं नसतं तर आमच्या घरात ही चर्चा झालीच नसती.

आईचा प्रश्न तरीही पुरा फिटत नव्हता, कारण तिने झाडाविषयी विचारलं होतं. आणि झाड होतं. आमच्या तुळशीवृंदावनाच्या कडेला, कोणी न लावता उगवणारी सदाफुली. तिच्या पानांतून विनब्लास्टिन निघतं, ते १९६०च्या दशकापासून कर्करोगावर वापरतात. ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. २०२२ मध्ये शास्त्रज्ञ जे कीसलिंग आणि त्यांच्या डेन्मार्कमधल्या सहकाऱ्यांनी झाडांची ३४ जनुकं पावाच्या यीस्टमध्ये घातली, यीस्टच्या स्वतःच्याही काही जनुकांत फेरफार केले, एकूण ५६ बदल, आणि विनब्लास्टिनचे दोन्ही घटक त्या यीस्टकडून करून घेतले. सदाफुलीचं काम पिठातला जीव करू लागला. आपल्याकडे बाळांना देतात ती हेपटायटिस बीची लससुद्धा यीस्टने केलेल्या प्रथिनाची असते. आणि २०२५च्या जानेवारीत तर सिडनीहून बातमी आली की यीस्टच्या १६ गुणसूत्रांपैकी शेवटच्या गुणसूत्राचीही माणसाने रचलेली आवृत्ती तयार झाली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाखाली एक धास्तीही होती. जे आपण अजून वाचतोय ते लिहायलाही लागलो. बाबा असते तर पुन्हा म्हणाले असते, हळू धर.

रात्री आई झोपल्यावर मी आकडेही वाचले. ६६६ स्त्रियांची चाचणी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली. नुसतं लेट्रोझोल घेणाऱ्यांत निम्म्या स्त्रियांचा आजार १४.५ महिने पुढे सरकला नाही, सोबत पाल्बोसिक्लिब घेणाऱ्यांत २४.८ महिने. मी ते दोन आकडे एकमेकांतून वजा केले. १०.३. मग २०२२ मध्ये आलेले एकूण आयुष्याचे आकडे वाचले, आणि त्यात ठामपणे सांगता येईल असा फरक नव्हता. मी लॅपटॉप बंद केला आणि तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पंख्याखाली तिचा श्वास ऐकू येत होता. हे मी तिला सांगितलेलं नाही. दहा महिन्यांत एक चतुर्थी येते, एक दिवाळी येते, आंब्याचा एक मोसम जवळपास पुरा येतो. एवढंच मला त्या रात्री मोजता आलं.

चतुर्थी आली. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना कवंडळं, आंबाडे, नारळाची पेंड, शिपट्यांचे घोस, आणि मधोमध दोन मोठी तोरंजनं, म्हणजे पपनसं. औषधाच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं छापलेलं. ते फळ आईने जन्मात बघितलेलं नाही, पण ग्रेपफ्रूट हे तोरंजनाचं आणि संत्र्याचं मूल, आणि ग्रेपफ्रूट व तोरंजन दोघांतही तोच गुण आहे. आतड्यात औषधाचा काही भाग मोडून टाकणारं एक विकर त्याने बंद पडतं आणि रक्तात औषध जास्त चढतं. मी तिला सांगितलं. विसर्जनानंतर तिने नेहमीसारखं तोरंजन सोललं, गुलाबी गर मोकळा केला, त्यावर मीठ-मिरची भुरभुरवून भाच्यांना वाढलं. स्वतः फक्त सालीचा तुकडा नखाने चिरून हुंगला. "हे चालतं ना?" म्हणाली. मी म्हटलं, चालतं.

मग त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी शाळेतून परवानगी काढून एक सूक्ष्मदर्शक घरी आणला. पोदेराकडून यीस्टचा थोडा चुरा मागून घेतला होता. पितळी वाटीत कोमट पाणी, चमचाभर साखर. अर्ध्या तासात वर फेस जमला आणि स्वयंपाकघरात मला ओळखीचा वास आला. एक थेंब काचेवर घेतला, मिथिलीन ब्लू लावला, खिडकीकडे आरसा वळवला. आई चष्मा काढून वाकली. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग ती एकदम गप्प झाली. बराच वेळ डोळा लावून होती. "ह्याला पिल्लू आलंय," ती म्हणाली. "हे एक. ह्या दुसऱ्याचं अजून बारीक आहे." मी काही न सांगता ती कळ्यांचे आकार बघून कोण कुठवर आलंय ते लावत होती. मग मी सांगितलं. हे पिठातले जीव. ह्यांना बघून कळलं की आपल्या अंगातल्या पेशींना "आता" कोण म्हणतं, आणि तुझं औषध ते "आता" थोपवून धरतं. झाडाचं नाही, पण ह्यांच्यामुळे आहे.

तिने डोळा न काढता विचारलं, "म्हणजे आजी खायची नाही त्यातले?"

"त्यातलेच."

ती सावकाश सरळ झाली, कमरेवर हात ठेवून. त्या दिवशी चौथ्या फेरीचा बाविसावा दिवस होता, म्हणजे कॅप्सूल नव्हती. मी वाटी विसळायला उचलली तर तिने हात पुढे केला. "वाया कशाला घालवतेस?" फेसाळलेलं पाणी तिने गव्हाच्या पिठात ओतलं, मीठ टाकलं, उजवा हात अजून वर उचलत नाही म्हणून डाव्या हाताने दाबत मळलं. ओलं फडकं घातलं आणि चुलीशेजारच्या उबेला ठेवून दिलं. रात्री दिवे घालवण्याआधी आम्ही दोघींनी फडकं उचलून बघितलं. पीठ दुप्पट झालं होतं. तिने त्यात बोट रोवलं, खळगा हळूहळू भरत आला तो बघितला, मूठ दाबून सगळं पीठ पुन्हा खाली बसवलं आणि फडकं परत घातलं.